ड्युटी लिस्टमधून गळलेली झोप

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एक संसर्ग नियंत्रण समिती असते. सूक्ष्मजीवशास्त्राची अध्यापिका म्हणून मी निवृत्त होईपर्यंत अशा समितीवर काम केले. बैठकीचे विषय ठरलेले असत. ऑपरेशन थिएटरचे स्वॅब, कॅथेटरमुळे होणारे संसर्ग, पिवळ्या पिशवीत पडलेला लाल पिशवीचा कचरा, बेसिनपाशी साबण आहे की नाही, आणि सुई टोचल्याच्या नोंदींची वही. सुई कुणाला टोचली, कोणत्या वॉर्डात, रुग्णाच्या रक्तात काय होते, हे सगळे त्या वहीत असे. टोचली तेव्हा तो डॉक्टर किंवा ती सिस्टर किती तास जागी होती, याचा रकाना मात्र नव्हता. युनिटची ड्युटी लिस्ट आमच्या समितीपुढे कधीच आली नाही. ती विभागप्रमुखांची बाब समजली जाई.

निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांचा विषय आपल्या दालनात अनेकदा आला असेल. कधी मार्ड या त्यांच्या संघटनेच्या संपामुळे, कधी एखाद्या मुलाने किंवा मुलीने जीव दिल्यावर. म्हणजे तो येतो तो वेतनाचा, कल्याणाचा किंवा मानसिक आरोग्याचा विषय म्हणून. तो तसा आहेच. पण तो संसर्ग नियंत्रणाचाही विषय आहे, आणि त्या अंगाने तो शासनापुढे क्वचितच मांडला जातो. म्हणून हे पत्र.

वॉर्डात काम करणाऱ्या माणसाला आपण मास्क देतो, हातमोजे देतो, लस देतो. मास्क आणि हातमोजे माणूस थकलेला असला तरी आपले काम करतात. लसीचे तसे नाही. ती शरीराला फक्त शत्रूची ओळख करून देते. पुढची तयारी शरीरालाच करावी लागते, आणि त्या तयारीचा मोठा भाग झोपेत होतो.

हे सांगणारे प्रयोग लहान आहेत, पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या लसींवर झाले आहेत आणि एकाच दिशेने बोट दाखवतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही निरोगी तरुणांना सलग काही रात्री फक्त चार तास झोपू दिले आणि त्याच दिवसांत फ्लूची लस टोचली. दहा दिवसांनी पाहिले, तर त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे नेहमीसारखे झोपणाऱ्यांच्या निम्म्यापेक्षाही कमी होती. पुढच्या काही आठवड्यांत ही तूट भरून निघाली. पण साथीच्या दिवसांत वॉर्डात उभ्या असलेल्या माणसाला तेवढी सवड मिळत नाही. जर्मनीतल्या ल्युबेक विद्यापीठात २००३ साली याहून सोपा प्रयोग झाला. सगळ्यांना सकाळी हेपटायटिस ए ची लस दिली. त्या रात्री अर्धे घरी झोपले, अर्ध्यांना जागे ठेवले. फक्त एक रात्र. चार आठवड्यांनी झोपलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ दुप्पट होती. याच गटाने पुढे तिन्ही डोसांच्या रात्री असा प्रयोग केला, तेव्हा लस ओळखणाऱ्या टी पेशींमधला फरक वर्षभरानंतरही टिकून होता.

आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास हेपटायटिस बी च्या लसीचा आहे. तो २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १२५ प्रौढांना नेहमीचे तीन डोस दिले आणि ते आपापल्या घरी किती झोपतात हे मोजले. सरासरी सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांमध्ये लस घेऊनही पुरेसे संरक्षण न मिळण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या ११.५ पट निघाली. आपल्याकडे वैद्यकीय विद्यार्थ्याला हीच लस देतात: पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. कार्डावर तीन तारखा पडल्या की प्रशासनाच्या लेखी तो सुरक्षित. प्रतिपिंडे खरोखर तयार झाली का, हे तपासण्याची साधी रक्तचाचणी आहे. ती सर्वत्र आणि सर्वांची होत नाही.

आता याला दुसरी गोष्ट जोडून पाहा. अमेरिकेतल्या २,७०० हून अधिक इंटर्न डॉक्टरांच्या नोंदींवरून २००६ साली असे दिसले, की रात्रभर काम करून दुसऱ्या दिवशीही ड्युटीवर राहिलेल्यांना सुई टोचण्याचा किंवा धारदार वस्तूने कापण्याचा धोका, आधी रात्रपाळी न केलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होता. कारण विचारले तेव्हा लक्ष उडणे आणि थकवा ही दोन कारणे सर्वांत जास्त वेळा सांगितली गेली. जागरणाने लसीचे काम अपुरे राहते आणि ज्या सुईपासून ती लस वाचवणार, ती टोचण्याची शक्यताही जागरणानेच वाढते. आमच्या वहीत रकाना का हवा होता, ते यावरून आपल्या लक्षात येईल.

झोपेत नेमके काय घडते? माणूस गाढ झोपला की कॉर्टिसोल आणि ॲड्रिनलिन उतरतात, ग्रोथ हार्मोन आणि प्रोलॅक्टिन वाढतात. टी पेशी मोठ्या संख्येने रक्तातून निघून लसिका ग्रंथींकडे जातात. दिवसभरात शरीरात जे शिरले त्याचे तुकडे घेऊन दुसऱ्या पेशी तिथे आलेल्या असतात. तिथे ओळखपरेड होते, आणि ज्या टी पेशीला आपला शत्रू सापडतो ती तिथेच वाढू लागते. रात्री जागलेल्या माणसात हे थांबत नाही, पण अपुरे होते. २०१९ साली ट्युबिंगेन विद्यापीठातल्या स्टोयान दिमित्रोव्ह आणि लुसियाना बेसेडोव्हस्की यांनी यातला एक बारकावा दाखवला. विषाणूने बाधित पेशीला मारायचे तर टी पेशीला आधी तिला चिकटावे लागते, आणि त्यासाठी तिच्या पृष्ठभागावर इंटेग्रिन नावाची प्रथिने असतात. ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन या चिकटण्यात अडथळा आणतात. झोपेत त्यांचे प्रमाण उतरते, म्हणून पकड घट्ट होते. जागे ठेवलेल्या स्वयंसेवकांच्या टी पेशींची पकड त्याच वेळी झोपलेल्यांपेक्षा सैल होती.

आपल्याकडच्या इमर्जन्सीच्या रात्रीचा विचार करा. ती नुसत्या जागरणाची रात्र नसते. कॅज्युअल्टीतून हाक येते, नातेवाईक अंगावर येतात, रक्तपेढीकडे धावावे लागते. ॲड्रिनलिन उतरायचे, त्याच वेळी ते वर चढलेले असते.

मायकेल अर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन दिएगोत १९९० च्या दशकात केलेले प्रयोग मी दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगत असे. निरोगी स्वयंसेवकांना फक्त एक रात्र, फक्त अर्धी रात्र जागे ठेवले. दुसऱ्या सकाळी बाधित पेशींना मारणाऱ्या त्यांच्या नॅचरल किलर पेशींची मारकशक्ती साधारण चौथ्या हिश्श्याने उतरली होती. एक रात्र नीट झोपल्यावर ती परत आली. हा दिलासा आहे. पण तो त्यांच्यासाठी, ज्यांना दुसरी रात्र मिळते.

सर्दीचा प्रयोग तर कुणालाही समजेल असा आहे. पिट्सबर्गमध्ये शेल्डन कोहेन यांच्या गटाने निरोगी लोकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले आणि त्यांना हॉटेलात वेगळे ठेवले. त्याआधी आठवडाभर मनगटावर यंत्र बांधून त्यांची झोप मोजली होती. २०१५ च्या या अभ्यासात १६४ जण होते. विषाणू सगळ्यांच्या नाकात सारखाच गेला. पण रात्री सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. वय, ताणतणाव, धूम्रपान, उत्पन्न, सगळे हिशेबात धरूनही.

झोप आणि जंतू यांचे नाते दुसऱ्या बाजूनेही आहे, आणि ते कसे सापडले ही हकिकत मला फार प्रिय आहे. हार्वर्डमध्ये जॉन पॅपनहायमर हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ झोपेला कारण असणारा पदार्थ शोधत होते. जागे ठेवलेल्या बकऱ्यांच्या मेंदूभोवतीचा द्रव दुसऱ्या प्राण्यांना टोचला की ते झोपत. हा पदार्थ वेगळा काढायला बरीच वर्षे गेली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो सापडला तेव्हा तो म्युरामिल पेप्टाइड निघाला. म्हणजे जिवाणूंच्या पेशीभित्तिकेचा तुकडा. जिवाणूच्या या तुकड्यामुळे शरीरात इंटरल्युकिन-१ तयार होते, त्याने ताप येतो आणि त्यानेच गाढ झोप लागते. तापात माणसाला ग्लानी येते, ती शरीराने मागितलेली झोप असते. घरात कुणाला ताप आला की आई म्हणते, पडून राहा. आमच्या वॉर्डांत पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर पॅरासिटामॉलची गोळी घेऊन राउंडला उभा राहतो, कारण त्याच्या जागी दुसरे कुणी नसते. तो ज्यांच्या खाटेवर वाकतो त्यांत केमोथेरपी चाललेली बाई असते, कमी वजनाचे बाळ असते. त्याचा आजार मग त्याच्यापुरता राहत नाही.

करोनाच्या काळात प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्यांची, गोळ्यांची, चूर्णांची घरोघर चर्चा होती. झोपेची तितकी झाली नाही. खरे तर अपुऱ्या झोपेने प्रतिकारशक्ती सरळ कमी होते असेही म्हणता येत नाही, ती बिघडते. जिथे हवी तिथे ढिली पडते आणि जिथे नको तिथे उगाच पेटते. सततच्या जागरणात रक्तातले सीआरपी आणि इंटरल्युकिन-६ हे दाहाचे खुणेचे पदार्थ वाढलेले दिसतात. हृदयविकार आणि मधुमेह यांच्याशी जागरणाचा जो संबंध लावला जातो, त्यात या दाहाचा वाटा मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीला मानवात बहुधा कर्करोगकारक ठरवले आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून ते वर्गीकरण कायम ठेवले. आपल्या परिचारिका वर्षानुवर्षे पाळ्या बदलत काम करतात, नाइट संपवून घरी गेल्यावर स्वयंपाकाला लागतात. डॉक्टरांबद्दल मी जे लिहिते आहे ते त्यांनाही लागू आहे. वॉर्डबॉय आणि आयांनाही.

आता क्षयरोगाबद्दल. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत निवासी डॉक्टरांना क्षय होतो, हे आपल्या विभागाला ठाऊक आहे. माझी एक विद्यार्थिनी एमडीच्या पहिल्या वर्षी फुप्फुसाच्या आवरणात पाणी होऊन आजारी पडली. सहा महिने औषधे घेतली, बरी झाली, आज चांगली बालरोगतज्ज्ञ आहे. कमी झोपली म्हणून क्षय झाला, असे तिच्याबद्दल किंवा आणखी कुणा एकाबद्दल म्हणता येणार नाही आणि मी म्हणणार नाही. क्षय होतो जंतूमुळे. तो पसरतो गर्दी, कोंदट वॉर्ड, उशिरा झालेले निदान आणि न मिळालेले एन-९५ मास्क यांमुळे. पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयाचा संसर्ग आढळला होता. त्यांतल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही, कारण टी पेशी आणि महाभक्षी पेशी मिळून त्या जंतूला गाठीत कोंडून ठेवतात. टी पेशींनी इंटरफेरॉन गॅमा सोडावे, त्याने महाभक्षी पेशी चेतवल्या जाव्यात, हा त्या कोंडण्याचा कणा. आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरातली गाढ झोप प्रतिकारशक्तीचा कल नेमका याच बाजूला झुकवते, असे प्रयोगांत दिसले आहे. आमचा निवासी डॉक्टर त्याच प्रहरी उद्याच्या राउंडसाठी रक्ताचे नमुने गोळा करत असतो. खिडक्या मोठ्या करा, एक्झॉस्ट लावा, मास्क द्या. त्याबरोबर त्याला झोपूही द्या, एवढेच माझे म्हणणे आहे.

नियम नाहीत असे नाही. केंद्र सरकारने ५ जून १९९२ रोजी निवासी डॉक्टरांसाठी काढलेल्या निर्देशात सलग सक्रिय काम सामान्यतः दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त नसावे, कनिष्ठ निवासी डॉक्टरांचे काम साधारणपणे आठवड्याला ४८ तास असावे आणि आळीपाळीने साप्ताहिक सुटी मिळावी असे म्हटले आहे. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ गेला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत ‘वाजवी’ तास काम आणि ‘वाजवी’ विश्रांती असे शब्द आहेत. वाजवी म्हणजे किती, ते तिथे नाही, आणि जिथे आकडा नाही तिथे युनिटची रीत हाच आकडा होतो. २०२४ मध्ये आयोगाच्याच मानसिक आरोग्य कृती दलाने आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा, एक सुटी आणि रोज सात ते आठ तास झोप अशी शिफारस केली. ७४ तास मला जास्त वाटतात. पण निदान ती मोजता येणारी गोष्ट आहे.

माझ्या पिढीतले अनेक जण म्हणतात, आम्हीही असेच शिकलो, ३६ तास उभे राहिलो, काही बिघडले नाही. बिघडले की नाही हे कुणी मोजले नव्हते. जिथे मोजले तिथे दिसले. २००४ साली बोस्टनमध्ये अतिदक्षता विभागातल्या इंटर्नांचे वेळापत्रक बदलून पाहिले, तेव्हा २४ तास आणि त्याहून लांब पाळ्यांच्या जुन्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त होत होत्या. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी एका रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत गेली. तिला पाहणारे निवासी डॉक्टर लांब पाळीवर होते आणि त्यांच्याकडे इतर अनेक रुग्ण होते. तिचे वडील पत्रकार होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, २००३ मध्ये ती सबंध अमेरिकेत आली. युरोपीय संघात शिकाऊ डॉक्टरांनाही ४८ तासांचा नियम लागू आहे.

याविरुद्ध एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. डॉक्टर वारंवार बदलला की रुग्णाची माहिती हातातून निसटते, आणि शिकणाऱ्यालाही आजार सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायला मिळत नाही. अमेरिकेत गेल्या दशकात झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, एक शल्यचिकित्सेतली आणि एक औषधवैद्यकातली, पाळीच्या लांबीचे नियम सैल केले तरी रुग्णांच्या मृत्यूंत वाढ दिसली नाही. हे निष्कर्ष मी मानते. पण त्या दोन्ही चाचण्यांत आठवड्याची ८० तासांची मर्यादा दोन्ही गटांना होती, आणि आठवड्यातून एक दिवस सुटी होती. आपण अजून त्या उंबऱ्यापर्यंतही आलेलो नाही. पाळी बदलताना माहिती नीट सोपवणे ही शिकवण्याची गोष्ट आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने ती अभ्यासक्रमात आणावी.

मनुष्यबळ नाही, हे उत्तर मला माहीत आहे. जागा भरायला वेळ लागेल हेही. पण निवासी डॉक्टरचा बराचसा वेळ डॉक्टरीत जातच नाही. नमुने प्रयोगशाळेत पोचवणे, रिपोर्ट आणणे, ट्रॉली ढकलणे, एक्स-रे शोधणे, ही कामे त्याच्यावर पडतात, कारण वॉर्डात चतुर्थश्रेणी कर्मचारी पुरेसे नाहीत. ती पदे भरलीत तर एकही नवा डॉक्टर न नेमता रात्रीचे काही तास मोकळे होतील.

आपल्या विभागाने एक परिपत्रक काढावे, ही माझी विनंती. प्रत्येक युनिटची ड्युटी लिस्ट दर महिन्याला संसर्ग नियंत्रण समितीपुढे यावी, आणि २४ तासांनंतर ड्युटीवर दिसणाऱ्या प्रत्येक नावाचे कारण विभागप्रमुखांनी लेखी द्यावे. इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नव्हे, सकाळी सुटका व्हावी. ताप असलेल्या डॉक्टरला किंवा सिस्टरला वॉर्डात येऊ देऊ नये आणि त्या रजेसाठी कुणाची मनधरणी करावी लागू नये. डॉक्टर्स रूममध्ये माणशी खाट असावी, खिडकी उघडणारी असावी. सुई टोचल्याच्या वहीत एक रकाना वाढवावा: किती तास जागे.

आणि यातली एक गोष्ट तर येत्या बॅचपासूनच करता येईल. हेपटायटिस बी चा डोस ज्या दिवशी, त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री त्या विद्यार्थ्याला, इंटर्नला किंवा परिचारिकेला नाइट लावू नये. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रत्येकाची प्रतिपिंडांची चाचणी करावी आणि ज्यांच्यात ती १० mIU/ml च्या खाली येतील त्यांना पुन्हा लस द्यावी. चाचणीचा खर्च महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला पेलणारा आहे. रात्रपाळी दोन दिवस पुढे ढकलायला तर खर्चच नाही. लसीकरणाच्या यादीची एक प्रत ड्युटी लावणाऱ्याच्या टेबलावर गेली की झाले.

आपली विश्वासू,
एक निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र अध्यापिका